ओपनिंग बुक म्हणजे कॉपी नव्हे

आमच्या तालुक्यात बुद्धिबळ शिकणाऱ्या पोरांच्या पालकांमध्ये इंजिनबद्दल, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘इंजिन ओपनिंग बुक वापरतं म्हणजे कॉपी करून पास होतं. आयबीएमच्या डीप ब्लू संगणकानेही जगज्जेत्या कास्पारोव्हला बुकाच्या जोरावरच हरवलं. बुकावर बंदी घाला, मग खरी ताकद दिसेल.’ हे वाचून आमचे पोट्टे ओपनिंग पाठ करायला लाजू लागलेत, म्हणून लिहितोय.

आधी कॉपीचं. बुक म्हणजे सुरुवातीच्या तपासलेल्या चालींचा साठा. असा साठा कास्पारोव्हच्याही डोक्यात होताच. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला. ओपनिंगच्या तयारीशिवाय तिथवर कुणी पोचत नाही. आमच्या रविवारच्या वर्गातली सातवीची एक पोरगी इटालियन ओपनिंग घडाघडा खेळते. परवा समोरच्या पोट्ट्याने चौथ्याच चालीला कडेचं प्यादं सरकवलं. तिचा हात घोड्यापर्यंत गेला, तिथंच थांबला, आणि ती कितीतरी वेळ नुसती पटाकडे बघत राहिली. पाठांतर तिथं संपलं होतं. इंजिनचंही बुक असंच संपतं, आणि पुढचा हिशेब त्याला स्वतःच करावा लागतो.

डीप ब्लूचं अर्धंच सांगितलंय. १९९७ च्या त्या सामन्यात सहाव्या डावात त्याने आठव्या चालीला ई६ या घरावर घोड्याचा बळी दिला, तो बुकातला होता, हे खरं. पण दुसरा डाव काढून बघा. वजीर आत घुसवून प्यादी खायची संधी सोडून डीप ब्लूने ३७ व्या चालीला उंट ई४ वर आणला. तिथं कुठलं आलंय बुक? कास्पारोव्हला तर यात माणसाचा हात असल्याचा संशय आला होता.

बुक असलं की जिंकलंच, असंही नाही. अल्फाझीरो नावाचं इंजिन बुकाशिवाय खेळायचं; २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामन्यांत बुक दिलेलं स्टॉकफिश हे तगडं इंजिनही त्याच्याकडून हरलं.

राहिली खरी ताकद. बुक काढलं तर तगडी इंजिनं त्याच त्या सुरुवाती करतात आणि डावामागून डाव बरोबरीत सुटतात. म्हणून टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत ओपनिंग आयोजकच ठरवून देतात, आणि तीच ओपनिंग दोन्ही इंजिनांना एकदा पांढऱ्याने, एकदा काळ्याने खेळायला लावतात. पुढच्या रविवारी वर्गात दोन मोबाइलवर हेच करून दाखवणार आहे. मेसेज पाठवणाऱ्या पालकांनी जरूर यावं.