घसरगुंडी जरूर घ्या, पण खाली पेव्हर ब्लॉक नकोत

नमस्कार सर. उत्तर द्यायला उशीर झाला, शाळेत चाचण्या चालू होत्या.

शाळेच्या खेळाच्या जागेत टायर, बांबू, माती-पाणी असं साधं सामान मुलांना द्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंय. तुमचं म्हणणं असं: टायर, बांबू, माती-पाणी हा सगळा गरिबांच्या शाळेसाठीचा जुगाड; इंग्रजी शाळेतल्या पोरांना रंगीत घसरगुंड्या आणि जिल्हा परिषदेच्या पोरांना भंगार का? शिवाय टायरमधल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि कुणाचा हात मोडला तर जबाबदार कोण?

आधी डासांचं. तिथे मी चुकले. आमच्याच शाळेत गेल्या पावसाळ्यात आशाताईंनी टायरमधल्या वळवळणाऱ्या अळ्या मला बोट करून दाखवल्या होत्या, तरी लेखात ते लिहायचं राहिलं. टायरला भोकं पाडायची, नाहीतर पोकळी मातीने ठासून भरायची.

भंगाराचं मात्र मला पटत नाही. सोरेनसेन नावाचे एक डॅनिश उद्यानरचनाकार होते. मुलं बांधलेल्या क्रीडांगणापेक्षा बांधकामाच्या पडीक जागेत जास्त रमतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांच्या कल्पनेवरून 1943 साली कोपनहेगनच्या एमद्रुप वसाहतीत फळ्या, विटा, खिळे, हातोड्या असं सामान देऊन मैदान उघडलं. पुढे लेडी अ‍ॅलन या ब्रिटिश उद्यानरचनाकार बाईंनी ते पाहिलं आणि ही कल्पना इंग्लंडमध्ये नेली. म्हणजे हे आपल्या गरिबीतून निघालेलं नाही. आणि आपल्याकडे कोसबाडला ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी बालवाडी चालवली तीही भोवतालच्या साध्या वस्तूंवरच. तिला भंगार म्हणायची माझी तरी छाती नाही.

मागच्या महिन्यातलं सांगते. शाळेमागे टाकीचं पाणी ओघळतं. पहिलीतल्या तिघी जणी उभे चिरलेले पाइपचे तुकडे विटांवर टेकवून ते पाणी जास्वंदाच्या आळ्यापर्यंत न्यायला बघत होत्या. मधला तुकडा उलट्या उताराचा, त्यामुळे पाणी सारखं मागे यायचं. एकीने त्याखाली करवंटी सरकवली, तर ते आणखीच मागे आलं. दुसरी बराच वेळ नुसती उकिडवी बसून बघत होती. मग तिने पुढच्या टोकाखालची वीटच काढून घेतली. पाणी आळ्यात पोचलं तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि मी ओरडायचं विसरले. ‘उतार’ हा शब्द त्यांना अजून शिकवलेला नाही.

घसरगुंडीत हे होत नाही. मजा येते, रांगा लागतात, पण तिच्यात मुलाला स्वतःचं काही बदलता येत नाही. म्हणून ती नकोच असं मी म्हटलेलं नाही. ती एकटी पुरत नाही एवढंच.

हात मोडण्याची भीती मलाही वाटते. एमद्रुपला मैदानाबरोबर एक माणूसही नेमला होता, मुलांसोबत दिवसभर राहणारा; माझ्या लेखात हे यायलाच हवं होतं. आमच्याकडे मधल्या सुट्टीत एक शिक्षक आळीपाळीने मागे उभा राहतो, खिळे निघालेल्या फळ्या त्याच दिवशी बाजूला होतात. पण सर, पडण्याचा धोका फक्त मुलं कशावर चढतात यात नसतो. ती किती उंचावरून आणि कशावर पडतात, हे जास्त महत्त्वाचं. शेजारच्या गावात नवीकोरी घसरगुंडी आली आणि आवार स्वच्छ दिसावं म्हणून खाली पेव्हर ब्लॉक टाकले. उद्घाटनाचा फोटो सुरेख आला. तिथून पडणाऱ्या पोरापेक्षा आमच्या वाळूत पडणारं पोर मला परवडेल.

उन्हाचंही बघा. एप्रिलमध्ये दहा वाजताच पत्र्याच्या घसरगुंडीवर पोरांना बसवत नाही. कडुनिंबाखाली जागा असेल तर तिथेच बसवून घ्या.

ग्रामपंचायतीचा निधी मंजूर झालाय असं तुम्ही लिहिलंय. छान झालं, घसरगुंडी घ्या. फक्त अंदाजपत्रकातले ब्लॉक काढून एक ट्रॉली वाळू आणि तिला कडेने धरायला विटांची चौकट लावायला सांगा. ठेकेदाराने ब्लॉक आधीच टाकले असतील तर निदान घसरगुंडीच्या तोंडाशी आणि शिडीखालचे काढून घ्या. वाळू दर पंधरा दिवसांनी फावड्याने उकरावी लागते आणि रात्री झाकावी लागते, नाहीतर मांजरं येतात.