बिल्ड हिरवं झालं की काम झालं

एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेचे डॉक्स, म्हणजे ती कशी वापरायची हे सांगणारी पानं, तुमच्या गळ्यात पडले असतील, तर घाबरून लगेच लिहायला बसू नका. लिहिणं सगळ्यात शेवटी. आधी कशात लिहायचं ते ठरवा, आणि त्यासाठी एखादी तिमाही तरी हाताशी ठेवा. मार्कडाउन की रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायच्या दोन पद्धती), थीम उजळ की काळी, डावीकडचा मेनू उघडा की मिटलेला, अशा प्रश्नांवर टीममध्ये दोन तट पडले की समजा, प्रकल्प मार्गी लागला.

पायथॉनवाल्यांनी या वाटेवर आधीच गाडी हाकून ठेवली आहे. त्यांचे डॉक्स पूर्वी लाटेक या मांडणीच्या भाषेत होते. 2007 साली ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणले, त्यासाठी गेओर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स हे साधन लिहिलं (ते मजकुराच्या फायलींपासून वाचायची पानं बनवतं; त्या बनवण्याच्या फेरीला बिल्ड म्हणतात, आणि ती पार पडली की बिल्ड हिरवं), आणि 2008 साली आलेल्या पायथॉन 2.6 पासून डॉक्स त्यातूनच बनतात. लाटेक न येणाऱ्यालाही चार ओळी दुरुस्त करता याव्यात, हा त्यातला मोठा फायदा. तुम्ही साधन तेवढं घ्या. चार ओळी दुरुस्त करायला लोक यायला लागले तर त्यांना उत्तरं कोण देणार?

मग इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडायची जागा. पायथॉनच्या कोडमध्ये चार स्पेस आणि पायथॉनच्याच डॉक्समध्ये तीन, असा नियम आहे. त्याला कारणही आहे: तिथली प्रत्येक खास सूचना दोन टिंबं आणि एक स्पेस अशी सुरू होते, म्हणून खालचा मजकूर तीन घरं सोडून नीट रांगेत बसतो. हे कारण नव्या माणसाला चुकूनही सांगू नका. त्याने आठवडाभर खपून लिहिलेला परिच्छेद चार स्पेस दिसताक्षणी परत पाठवा. मजकूर बरोबर होता की चूक, हे बघायची वेळच येत नाही.

मराठीतून डॉक्स लिहायचा विचार असेल तर आणखीच मजा आहे. कोडमधला शब्द दाखवणाऱ्या दुहेरी बॅकटिकमध्ये (``) ‘प्रिंट’ लिहा आणि आपण बोलतो तसा त्याला ‘ला’ चिकटवा. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या नियमानुसार मिटणाऱ्या बॅकटिकनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं, अक्षर चालत नाही. त्यामुळे तुमचे बॅकटिक उघडे ते उघडेच राहिले, अशी तक्रार टर्मिनलवर येते. मध्ये एक बॅकस्लॅश आणि स्पेस घातली की प्रत्यय पुन्हा शब्दाला चिकटतो, पण मग ज्या वाक्यात विभक्ती तिथे बॅकस्लॅश, आणि मराठीत विभक्ती कुठे नसते? तेव्हा सरळ ‘प्रिंट ला’, ‘लिस्ट चा’ असं तोडून लिहा. वाचताना ठेच लागेल, पण ती वाचकाला, बिल्डला नाही.

शीर्षकांचंही तेच. ‘सुरुवात’ या शीर्षकाखाली चार अक्षरं मोजून चार बरोबरचिन्हं ओढलीत, तर अधोरेषा तोकडी पडल्याची वॉर्निंग येते. यंत्र दोन उकार आणि एक काना वेगळे मोजतं, म्हणजे झाले सात. शिवाय अशा शीर्षकाच्या दुव्यात मराठी अक्षर उतरतच नाही, तिथे आयडी 1, आयडी 2 असे आकडे पडतात. उद्या मध्येच एखादा नवा भाग घातला की पुढचे आकडे सरकतात आणि लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक भलत्याच परिच्छेदावर उतरतात. स्वतःहून लेबल देऊन हे टाळता येतं. पण टाळायचं कशाला? वाचक त्या निमित्ताने पूर्वी न वाचलेलं काहीतरी वाचेल.

आता वॉर्निंग्ज. त्या शून्यावर आणणं हेच तुमचं जीवितकार्य. सोपा उपाय असा की बिल्ड दोनदा चालवा. स्फिंक्स वाचलेल्या फायली कॅशमध्ये ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत फक्त बदललेल्या फायली पुन्हा वाचतं, म्हणून मघाशी दिसलेल्या बऱ्याचशा तक्रारी आता दिसत नाहीत. या दुसऱ्या फेरीचा स्क्रीनशॉट साहेबांना पाठवा. एखादं पान कुठल्याच अनुक्रमणिकेत नाही अशी तक्रार आली, तर पानाच्या डोक्यावर ‘ऑर्फन’ लिहून टाका. पान अनाथ ते अनाथच राहतं, फक्त रडत नाही.

मजकुराची चिंता अजूनही सतावत असेल तर स्फिंक्सचं ऑटोडॉक आहेच. ते तुमचं मॉड्यूल, म्हणजे कोडची फाईल, इम्पोर्ट करून त्यातल्या डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहून ठेवलेली माहिती, उचलतं. (इम्पोर्ट होताना मॉड्यूलमधलं उघड्यावरचं, फंक्शनबाहेरचं कोडही चालतं, तेव्हा तिथे फायली पुसणारी ओळ असेल तर आधी बॅकअप घ्या.) डॉकस्ट्रिंगच नसतील तरी हातपाय गाळू नका. ज्यांच्याबद्दल कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही अशी फंक्शन्ससुद्धा यादीत घ्या, असं सांगणारा पर्याय आहे. तो लावला की एका रात्रीत कित्येक पानं तयार होतात. प्रत्येक पानावर फंक्शनचं नाव, कंसात आर्ग्युमेंट्स आणि खाली भरपूर, स्वच्छ, पांढरी जागा.

जावावाल्यांकडूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. 2014 साली जावा 8 मध्ये जावाडॉक या डॉक्स बनवणाऱ्या साधनाला डॉकलिंट नावाचा कडक तपासनीस जोडला गेला. ओळ तोडणारा एचटीएमएल टॅग जागच्या जागी तिरकी रेघ मारून मिटवला, एवढ्यावरून तो एरर देऊ लागला. वर्षानुवर्षं बनत आलेले डॉक्स बनेनासे झाले. मग पुष्कळांनी काय केलं? तपासनीसच बंद केला, एका पर्यायात. ‘नेम: द नेम’ असं समजावणाऱ्या कॉमेंट्सना मात्र त्या तपासनिसानेही कधी हात लावला नव्हता. टॅग नियमात होता ना, मग झालं.

डॉक्स ताजे दिसणं महत्त्वाचं. पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ अशी तारीख छापायची सोय स्फिंक्समध्ये आहे, आणि ती तारीख बिल्डची असते, मजकुराची नव्हे. रोज मध्यरात्री कॅश पुसून बिल्ड आपोआप चालेल अशी व्यवस्था करा. तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या फंक्शनचं पानसुद्धा रोज सकाळी ताजं असेल.

एवढं करूनही एखादा चिवट वाचक विचारेलच, की या फंक्शनला रिकामी लिस्ट दिली तर ते काय करतं. त्याच्यासाठी व्ह्यूकोड नावाचं एक्स्टेन्शन लावून ठेवा. प्रत्येक फंक्शनशेजारी ‘सोर्स’ अशी लिंक येते. ती दाबली की वाचक थेट कोडमध्ये. फक्त डॉक्स प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा त्या फंक्शनमध्ये डोकावून बघा, रिकामी लिस्ट हाताळणाऱ्या ओळीवर ‘कारणासाठी डॉक्स पाहावेत’ ही कॉमेंट जागेवर आहे ना.