अदिचेच्या नावावर खपवलेली ‘झोपडीतली मुलगी’

नायजेरियाची कादंबरीकार चिमामांडा न्गोझी अदिचे हिच्यावरचा एक मराठी मेसेज कुटुंबाच्या, शाळेच्या आणि साहित्यप्रेमींच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: आफ्रिकेतल्या खेड्यात झोपडीत जन्म, लहानपणी एका प्रोफेसरच्या घरी धुणीभांडी करताना लिहायला-वाचायला शिकली, इंग्रजी अमेरिकेत गेल्यावर आले, डॉक्टरकीवर लाथ मारून खिशात दमडी नसताना अमेरिका गाठली, एका महिन्यात कादंबरी लिहिली आणि प्रकाशकांची रांग लागली, शेवटी नोबेल. तळाला तात्पर्य, की डिग्री लागत नाही, जिद्द लागते. माझ्या भाचीने हाच मजकूर शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला घेतला आहे. म्हणून तो मुद्द्याला मुद्दा लावून खोडून काढणे भाग आहे.

झोपडीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. अदिचेचा जन्म 15 सप्टेंबर 1977 चा, एनुगु शहरातला. ती वाढली न्सुक्का इथे, नायजेरिया विद्यापीठाच्या आवारात. वडील जेम्स न्वोये अदिचे हे नायजेरियातले संख्याशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्यांची पीएच.डी. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाची, आणि पुढे ते प्र-कुलगुरू झाले. आई ग्रेस इफेओमा त्याच विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलसचिव. सहा भावंडांत चिमामांडा पाचवी. विद्यापीठाच्या ज्या घरात हे कुटुंब राहायचे, त्या घरात आधी नायजेरियाचे नामवंत कादंबरीकार चिनुआ अचेबे राहून गेले होते. पुणे विद्यापीठाच्या आवारात प्राध्यापकांच्या बंगल्यात वाढलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे साधारण अंदाज येईल.

मग प्रोफेसरच्या घरी राबणारे पोर आले कुठून? ते आले तिच्याच कादंबरीतून. ‘हाफ ऑफ अ यलो सन’ (2006) सुरू होते तीच मुळी उग्वू या तेरा वर्षांच्या मुलापासून. ओपी नावाच्या खेड्यातून त्याची आत्या त्याला न्सुक्काच्या एका गणिताच्या प्राध्यापकाकडे घरकामाला आणून सोडते. तो नळ सोडून बघतो, फ्रीज उघडून बघतो, आत ठेवलेली भाजलेली कोंबडी खातो आणि घरच्या माणसांना देता येईल म्हणून तिचे तुकडे चड्डीच्या खिशात भरून ठेवतो. मालक ओडेनिग्बो त्याला शाळेत घालतो आणि तिथून पुढे तो लिहायला-वाचायला शिकतो. मेसेज लिहिणाऱ्याने कादंबरीतला हा मुलगा उचलला, त्याची मुलगी केली आणि थेट लेखिकेच्या चरित्रात नेऊन बसवली. ‘ध’ चा ‘मा’ करायलाही मूळ कागद हातात घ्यावा लागतो. इथे पुस्तकाचे पहिले प्रकरणही कोणी उघडलेले दिसत नाही.

उग्वू कोणावरून सुचला, हेही अदिचेने स्वतः लिहून ठेवले आहे. बियाफ्रा युद्धाच्या, म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राशी झालेल्या यादवीच्या काळात तिच्या आईवडिलांकडे मेलिटस नावाचा मुलगा कामाला होता आणि तिच्या लहानपणी फिडे. या दोघांची छाया उग्वूवर आहे. म्हणजे अदिचे त्या गोष्टीत कामाला ठेवलेल्या मुलाच्या जागी नव्हती. तो मुलगा ज्या घरात कामाला होता, त्या घरातली ती होती. हा फरक किरकोळ नाही. तिच्या लेखनातली नैतिक अस्वस्थता बरीचशी याच जागेवरून येते.

यासाठी दुसरे काही वाचायला वेळ नसेल, तर 2009 सालचे तिचे जेमतेम एकोणीस मिनिटांचे भाषण ऐका. ऑक्सफर्डमधल्या टेड परिषदेत तिने ते दिले आणि ते इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. कोणत्याही माणसांबद्दल, देशाबद्दल एकच एक गोष्ट ऐकत राहण्याचा धोका, हा त्याचा विषय. त्यात ती फिडेबद्दल बोलते. तो घरी आला तेव्हा ती आठ वर्षांची होत होती. आई त्याच्या घरी सुरण, तांदूळ, जुने कपडे पाठवायची. पानात काही टाकले की ‘फिडेच्या घरच्यांकडे काहीच नाही’ असे सुनवायची. त्यामुळे तिला त्या घराची कीव येत राहिली. एका शनिवारी ते त्याच्या गावी गेले, तेव्हा फिडेच्या आईने रंगवलेल्या राफियाची (ताडाच्या जातीच्या झाडाच्या धाग्यांची), सुंदर नक्षीची टोपली दाखवली. ती त्याच्या भावाने विणली होती. त्या घरातली माणसे काही घडवू शकतात, हे तोवर तिच्या मनातही आले नव्हते. त्यांच्याबद्दल तिने फक्त गरिबी ऐकली होती. स्वतःची ही चूक तिने भर सभेत सांगितली.

त्याच भाषणात ती एका प्राध्यापकाची हकिगत सांगते. तिची कादंबरी अस्सल आफ्रिकी वाटत नाही, असे त्याचे मत होते. कारण काय, तर तिची पात्रे त्याच्यासारखीच शिकलेली, मध्यमवर्गीय होती. ती पात्रे गाड्या चालवायची, उपाशी मरत नव्हती. आता आपला मेसेज पुन्हा वाचा. आफ्रिकी लेखिका म्हटल्यावर झोपडी हवी, भूक हवी, अनवाणी पाय हवेत. ते नसले तर घालायचे. जी बाई हे नको म्हणून जाहीरपणे बोलली, तिच्याच नावाने ते पसरवले जाते आहे, आणि शाळेतली मुले ते प्रेरणा म्हणून पाठ करताहेत. मला याचा मनापासून राग येतो. नायजेरिया हा वीस कोटींहून अधिक माणसांचा देश आहे. तिथे विद्यापीठे आहेत, प्रकाशक आहेत, संख्याशास्त्राचे प्राध्यापक आहेत, हे आपल्या मुलांना कळायला नको का?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ओढाताण अजिबात नव्हती असे नाही. 1967 ते 1970 च्या बियाफ्रा युद्धात तिचे दोन्ही आजोबा गेले. न्सुक्का सैन्याच्या ताब्यात गेले, कुटुंबाला घर सोडून पळावे लागले, आणि वडिलांची पुस्तके सैनिकांनी अंगणात जाळली. हे सगळे तिच्या जन्माआधीचे. तिच्या लहानपणी लष्करी राजवटींना शिक्षणाची पर्वा नव्हती, आईवडिलांचे पगार थकायचे. न्याहारीच्या टेबलावरून आधी जॅम गेला, मग मार्गारिन गेले, मग पाव महाग झाला, मग दूध मोजून मिळू लागले. हेही तिनेच त्या भाषणात सांगितले आहे. पगारदार शिकलेल्या घराला हुकूमशाही कशी कुरतडते, त्याचा हा नमुना आहे आणि तो सांगण्यासारखा आहे. पण याला झोपडीतले दारिद्र्य म्हणता येत नाही.

इंग्रजीबद्दल फार लिहायची गरज नाही. नायजेरियाची राजभाषाच इंग्रजी आहे, शाळा इंग्रजीत. अदिचे लहानपणी ब्रिटिश-अमेरिकन गोष्टींची पुस्तके वाचायची आणि सातव्या वर्षाच्या सुमारास पेन्सिलने गोष्टी लिहायची. त्यातली पात्रे गोरी, निळ्या डोळ्यांची, बर्फात खेळणारी, सफरचंदे खाणारी असायची; ही स्वतः आंबे खायची आणि बर्फ कधी पाहिलेला नव्हता. अचेबे आणि गिनीचे कामारा लाये वाचल्यावर तिला कळले की आपल्यासारखी माणसेही पुस्तकात असू शकतात. अमेरिकेत तिच्या रूममेटने विचारलेच होते, इतके चांगले इंग्रजी कुठे शिकलीस? मेसेजवाल्याचे अज्ञान त्या रूममेटइतकेच आहे, पण तिने निदान विचारून घेतले.

डॉक्टरकी सोडल्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. न्सुक्काला तिने दीड वर्ष वैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यास केला आणि तो सोडला. तिथे असताना कॅथलिक वैद्यकीय विद्यार्थ्यांचे ‘द कम्पास’ हे नियतकालिक ती संपादित करत होती. एकोणिसाव्या वर्षी ती अमेरिकेला गेली, पण शिष्यवृत्तीवर, फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात. दोन वर्षांनी कनेक्टिकटमध्ये गेली, कारण तिथे तिची डॉक्टर बहीण होती. तिथल्या ईस्टर्न कनेक्टिकट स्टेट युनिव्हर्सिटीतून 2001 मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी, 2003 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून सर्जनशील लेखनात एम.ए., 2008 मध्ये येलमधून आफ्रिकन स्टडीजमध्ये आणखी एक एम.ए. आणि मध्ये 2005-06 ला प्रिन्स्टनची फेलोशिप. ‘डिग्री लागत नाही’ हे वाक्य हिच्या नावाखाली छापायला धाडसच हवे.

खिशात दमडी नसताना अमेरिकेला जायची भाषा मुलांपुढे करूच नये. विद्यार्थी व्हिसासाठी आधी विद्यापीठाने आय-20 हा फॉर्म द्यावा लागतो, आणि तो देताना पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च कुठून येणार याचे कागद मागितले जातात: बँकेचा दाखला, मंजूर कर्ज किंवा शिष्यवृत्तीचे पत्र. ती बाजू लंगडी असेल, तर मुलाखतीच्या खिडकीवर जिद्द सांगून काही होत नाही.

आता एका महिन्यात लिहिलेली कादंबरी. ‘पर्पल हिबिस्कस’ ही तिची पहिली कादंबरी, पण पहिले सांगायचे म्हणजे ते तिचे पहिले पुस्तकच नव्हे. 1997 मध्ये ‘डिसिजन्स’ हा कवितासंग्रह ‘अमांडा एन. अदिचे’ या नावाने आला होता, 1998 मध्ये बियाफ्रावरचे नाटक. दोन्हींची फारशी कोणी दखल घेतली नाही. मग कथा: 2002 मध्ये आफ्रिकी कथांसाठीच्या केन पुरस्काराच्या अंतिम यादीत नाव, त्याच वर्षी बीबीसीच्या कथास्पर्धेत विभागून बक्षीस, 2003 मध्ये कथेसाठीचाच ओ. हेन्री पुरस्कार. कादंबरी तिने कनेक्टिकटला पदवीच्या शेवटच्या वर्षात सुरू केली आणि ती छापून आली ऑक्टोबर 2003 मध्ये. मध्ये नकार होते. काही एजंटांचे, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणाऱ्या मध्यस्थांचे म्हणणे होते की गोष्ट आफ्रिकेतून उचलून अमेरिकेत आणा, म्हणजे वाचकांना ओळखीची वाटेल. तिने कादंबरीतले एनुगु आणि न्सुक्का बदलले नाही. शेवटी एका एजंटने जोखीम घेतली आणि अल्गॉनक्विन या प्रकाशनाने पुस्तक काढले. लंडनची आवृत्ती 2004 ची, आणि लागोसच्या फराफिनाने काढलेली नायजेरियन आवृत्तीही त्याच वर्षीची. दुसऱ्या कादंबरीला, म्हणजे ‘हाफ ऑफ अ यलो सन’ला, चार वर्षे गेली. आईवडिलांना आणि नातलगांना विचारून घेतलेल्या आठवणी, युद्धावरची पुस्तके, जुने फोटो हा तिचा कच्चा माल. वाचलेल्या पुस्तकांची यादी तिने कादंबरीच्या शेवटी दिली आहे. न्सुक्काला नसलेले रेल्वे स्टेशन आपण घातले, शहरे पडण्याचा क्रम बदलला, पण मोठ्या घटना मात्र बदलल्या नाहीत, असे तिने सांगितले आहे. काय बदलायचे आणि काय नाही, हे ठरवायलाच माहिती लागते.

प्रकाशकांची रांग हा प्रकार कोणत्या देशात असतो मला ठाऊक नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नव्या कादंबरीकाराची वाट अशी असते. आधी पूर्ण हस्तलिखित, साधारण ऐंशी हजार ते एक लाख शब्दांचे. अर्धवट कादंबरी पाठवणाऱ्याचे नाव तिथेच संपते, कारण एजंटाला आवडली तर तो उरलेली लगेच मागतो. मग एका पानाचे पत्र: कादंबरी कशाबद्दल आहे, किती शब्दांची, आधी कुठे छापून आले आहे. कथांचे पुरस्कार इथे कामी येतात. त्या एका ओळीमुळे पत्र ढिगातून वर निघते. सोबत सारांश आणि पहिली काही प्रकरणे. एजंटाने घेतले तर तो दुरुस्त्या सुचवतो आणि मग संपादकांकडे पाठवतो. त्याचे कमिशन देशातल्या विक्रीवर 15 टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा 20, आणि तेही पुस्तक विकले गेल्यावरच. वाचण्याचीच फी मागणारा एजंट दिसला की तिथून निघावे. प्रकाशक जी आगाऊ रक्कम देतो ती हप्त्यांत येते: करारावर सही झाल्यावर काही, अंतिम हस्तलिखित मान्य झाल्यावर काही, पुस्तक बाजारात आल्यावर काही. पुठ्ठा बांधणीच्या प्रतीवर मानधन साधारण 10 टक्क्यांपासून सुरू होऊन विक्रीच्या टप्प्यांनी 15 पर्यंत जाते, पेपरबॅकवर साडेसातच्या आसपास; आणि आगाऊ रक्कम त्यातून फिटेपर्यंत वेगळा पैसा हातात पडत नाही. करार ते प्रकाशन यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते.

हे तपशील मुद्दाम दिले, कारण या मेसेजचा खरा तोटा इथे होतो. महिन्यात लिहून रातोरात नाव होते असे मनात बसलेला मुलगा पहिल्या नकारालाच खचतो, नाहीतर पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या कुणाच्याही हाती लागतो. तसले लोक आपल्याकडे काही कमी नाहीत. मग छापलेल्या प्रतींचे गठ्ठे घरच्याच माळ्यावर जातात.

राहिले नोबेल. ते अदिचेला मिळालेले नाही. साहित्याचे नोबेल नायजेरियात आले 1986 मध्ये, वोले सोयिंका यांना. तिला बुकरही मिळालेले नाही. ते 1991 मध्ये बेन ओक्री यांना मिळाले. तिला मिळाले ते असे: पहिल्या कादंबरीसाठी 2005 चा राष्ट्रकुल पुरस्कार, 2008 ची मॅकआर्थर फेलोशिप, आणि त्याआधी जून 2007 मध्ये, तिशीही गाठलेली नसताना, ‘हाफ ऑफ अ यलो सन’साठी 30,000 पौंडांचा ऑरेंज हा लेखिकांच्या कादंबऱ्यांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार. मेसेज दुरुस्त करून पुढे पाठवायचाच असेल, तर नोबेलच्या जागी हे घाला.