'आजी, तसं नव्हतं झालं' म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार, ज्याला वाचायचीय त्याने वाचा.

दुपारी जेवताना भाचीने एक रील दाखवली. २०२१ मध्ये ती 'मुंबई डायरीज २६/११' सिरीज आली होती ना, तिच्यातला सीन, आणि वर कुणीतरी ठोकून दिलंय 'कामा हॉस्पिटलची खरी कहाणी'. समोर आमची मावशी. ती त्या रात्री सीएसटीजवळच्या एका सरकारी हॉस्पिटलात आया म्हणून ड्युटीवर होती. ती सहज म्हणाली, आमच्याकडे तर चादरी संपल्या होत्या गं, कपाटाची चावी ज्या सिस्टरकडे ती घरी गेलेली, शेवटी सलाईनच्या स्टँडने कुलूप तोडलं. यावर ही पोरगी, जी २६/११ला पाळण्यात होती, म्हणते, "नाही आजी, तसं नव्हतं झालं."

मावशी हसली. मला नाही हसू आलं.

हो, माहितीये, सिरीज काल्पनिक आहे, बॉम्बे जनरल नावाचं हॉस्पिटल नाहीये, तशी पाटीही लावतात. पण मग नावात २६/११ कशाला घालता? तारीख खरी हवी, मेलेली माणसं खरी हवीत, आणि बाकी आमच्या मनाला येईल ते!

आणि कामा हॉस्पिटलात जे खरंच झालं ते कमी आहे का हो? कसाब आणि अबू इस्माईल सीएसटीवरून तिथे घुसले, दोन वॉचमन मारले, वरच्या मजल्यावर पोलीस अधिकारी सदानंद दाते जखमी अवस्थेत लढत होते, आणि खाली अंजली कुलथे सिस्टरनी २० गरोदर बायकांना एका छोट्याशा पँट्रीत नेऊन लपवलं, त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तर तिला लेबर वॉर्डला पोचवलं. पुढे कसाबला ओळखलं, २०२२ मध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेसमोर बोलल्या. पण यांना हिरो कोण पाहिजे? नियम न पाळणारा सर्जन, लग्न मोडायला आलेलं, बायको नेमकी हॉटेलात अडकलेली. कुलूप तोडणारी आया कुणाला हवीये!

आपल्याकडे बोंब होतेच, नाही असं नाही, पण कशावरून? २०२४ मध्ये त्या कंदाहार विमान अपहरणाच्या सिरीजवर झाली. अतिरेक्यांची नावं भोला, शंकर का ठेवली म्हणून केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने नेटफ्लिक्सला बोलावून घेतलं. अरे, ती टोपणनावं ते विमानात खरंच वापरत होते, जानेवारी २००० मध्ये गृहमंत्रालयानेच सांगितलंय! बरं, खरी नावं सुरुवातीलाच द्यायला काही हरकत नव्हती, एवढं मान्य. पण जे खरं होतं त्यावर गदारोळ आणि जे बनवलेलं त्याचे रील फॉरवर्ड.

खोटं एकदा चिकटलं की निघत नाही. कसाबच्या बिर्याणीचंच बघा. खुद्द त्याच्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकमांनी २०१५ मध्ये सांगितलं की ती गोष्ट मी रचली होती, त्याने मागितली नव्हती आणि कुणी दिलीही नव्हती. तरी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दर नोव्हेंबरला बिर्याणी येतेच.

जाऊदे. पोरीवर चिडून काय उपयोग, आपण तिला बघायला दुसरं ठेवलंय काय? नंतर तिनेच मावशीला विचारलं, मग त्या चादरी कशाला लागल्या एवढ्या? मावशीने सांगितलं. पोरगी ताट तसंच ठेवून ऐकत बसली. एक रुपयाचं बजेट नाही, बॅकग्राउंड म्युझिक नाही.

आता कमेंटमध्ये 'मग तूच काढ सिरीज' लिहायला येणाऱ्यांनो, नाही काढणार, माझा धंदा नाही तो. ज्यांचा आहे त्यांनी लिहायला बसायच्या आधी चार आया, दोन वॉर्डबॉय, सीएसटीवरचा एखादा हमाल गाठावा. बरेचसे रिटायर झालेत, पण बदलापूर-टिटवाळ्याला राहतात, नंबर मिळतात.