चॉपस्टिकने काढलेली जवारी

"म्हणजे चोरीच की रे ही!" परवा एका मित्राने आमच्या तळघरात उभं राहून, माझाच चहा पीत, मला सुनावलं. सगळे हसले आणि विषय क्रिकेटवर गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. म्हणून ही लांबलचक पोस्ट. गिटारशी घेणंदेणं नसलेल्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग नाही.

प्रकरण असं. गेले चार-पाच महिने शनिवार-रविवार खर्ची घालून मी व्हॉल्व्हचा एक गिटार अ‍ॅम्प बांधला. (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी; इकडे अमेरिकेत तिला ट्यूब म्हणतात. मिरजेत वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वाढल्यामुळे माझ्या तोंडी व्हॉल्व्हच आहे, आता बदलणार नाही.) डिझाइन माझं नाही. ट्रेनरेक एक्सप्रेस नावाच्या अ‍ॅम्पची ती नक्कल आहे. रेझिस्टन्सचे आकडे, व्हॉल्व्हची जागा, तारांचे मार्ग, जमेल तितकं सगळं मुळाबरहुकूम.

मूळ अ‍ॅम्प बांधणारा माणूस केन फिशर. आणि तो राहायचा कुठे, तर न्यू जर्सीतल्या कोलोनियात! ओक ट्री रोडवर आपण कोथिंबीर आणायला, डोसा खायला जातो ना, त्या इझलिनला लागूनच. दोन्ही गावं एकाच वुडब्रिज टाउनशिपमधली. पंधरा वर्षं मी त्या बाजूने ये-जा करतोय, पण जगभरचे गिटारवाले ज्याच्या अ‍ॅम्पसाठी जीव टाकतात तो माणूस इथे हाकेच्या अंतरावर सोल्डरिंग करत बसायचा, याचा मला पत्ताच नव्हता. कळलं तोवर तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. २००६ च्या डिसेंबरात गेला.

साठच्या दशकात फिशर जवळच लिंडनला अ‍ॅम्पेग कंपनीत इंजिनियर होता. पुढे तिथून बाहेर पडून अ‍ॅम्प दुरुस्त करू लागला. 'ट्रेनरेक' हे मोटरसायकलवाल्या दोस्तांनी दिलेलं टोपणनाव, म्हणजे गाडी कशी चालवत असेल बघा. ऐंशीच्या दशकात त्याने स्वतःचे अ‍ॅम्प बांधायला घेतले. कारखाना नाही, कामगार नाहीत. एकेक अ‍ॅम्प हाताने बांधायचा, लाकडी पेटीत बसवायचा आणि कानाने ऐकून जुळवायचा. प्रत्येकाला सिरियल नंबरऐवजी बाईचं नाव. त्याच दशकाच्या अखेरीस थकव्याच्या एका चिवट आजाराने त्याला गाठलं आणि हातून काम होणं जवळपास थांबलं. त्यामुळे खरे ट्रेनरेक जगात मोजकेच आहेत. एखादा विकायला निघालाच, तर तेवढ्यात चांगली नवी मोटार येते.

आता आत काय आहे ते सांगतो. फार काही नाहीच. पुढे तीन १२ एएक्स ७ (सिग्नल वाढवणारे लहान व्हॉल्व्ह), मागे दोन ईएल ३४ (स्पीकर हलवणारे मोठे व्हॉल्व्ह), दोन ट्रान्सफॉर्मर आणि मूठभर रेझिस्टन्स-कंडेन्सर. मास्टर व्हॉल्यूम नाही, रिव्हर्ब नाही, चॅनेल बदलायचं बटण नाही. सर्किट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, एवढंच? बाबांच्या दुकानातल्या चांगल्या रेडिओत याहून जास्त भानगडी असायच्या.

आणि इथेच गोम आहे. एक १२ एएक्स ७ चा अर्धा भाग अशा सर्किटमध्ये सिग्नल साधारण पन्नासपट मोठा करतो. एकामागोमाग तीन टप्पे धरले तर पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाख. मधलं टोन सर्किट त्यातलं पुष्कळ खाऊन टाकतं, पण उरतं तेही कमी नसतं. इतक्या गेनच्या, म्हणजे सिग्नल इतक्या पटीने वाढवणाऱ्या, सर्किटमध्ये पुढच्या टप्प्याची तार मागच्या टप्प्याच्या तारेशेजारून गेली की दोघींमध्ये दोन-चार पिकोफॅरडचा एक अदृश्य कंडेन्सर तयार होतो. तो कुठल्याच नकाशात काढलेला नसतो. प्रत्येक टप्पा सिग्नल उलटा करतो, म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या प्लेटवरचा (व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारा) सिग्नल पहिल्याच्या ग्रिडशी (आत शिरायच्या टोकाशी) पुन्हा सुलटा जुळतो. तो तिथे झिरपला की अ‍ॅम्प स्वतःचंच ऐकून स्वतःच ओरडायला लागतो. फिशरने हा अ‍ॅम्प त्या ओरडण्याच्या अगदी काठावर आणून ठेवला होता, पण पडू दिला नव्हता.

हे सगळं मी वाचलं होतं. कळलं मात्र बोटं भाजल्यावर.

पहिल्यांदा चालू केला तो सिरीज बल्ब लावून. आपल्याकडे प्रत्येक वायरमनकडे सिरीजचा बोर्ड असतो, कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि माल वाचतो. इथे जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब मिळवण्यातच अर्धा शनिवार गेला, दुकानात नुसते एलईडी. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. उत्तम. मग सिरीज काढून सरळ प्लगला लावला, स्टँडबाय उघडला आणि तळघरात असा भोंगा वाजला की धाकटी धावत खाली आली. "बाबा, शेजारचे पोलिसांना बोलावतील हं!"

ती चूक माझीच, आणि अगदी शाळकरी. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा दोन ईएल ३४ च्या प्लेटला जातात. त्यांची अदलाबदल झाली की मागे फिरवलेला फीडबॅक आवाज आवरण्याऐवजी उलट भडकवतो. बंद केला, कंडेन्सर रिकामे केले (चारशे व्होल्ट डीसी असतो त्यात, बंद केल्यावरही), दोन तारा बदलल्या. भोंगा गेला.

नंतरचं दुखणं मात्र चांगलं तीन आठवडे पुरलं. कमी आवाजात सगळं छान. व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे आणि ट्रेबल चढता ठेवला की सुराची शेपटी फाटायची, बारीक चुरचुर यायची, ताकदच निघून जायची. मीटर लावला. तारांवर हात दाबून गिटार गप्प ठेवली तरी ईएल ३४ चा करंट ३५ मिलीअँपियरवरून साठाकडे पळत होता. म्हणजे अ‍ॅम्प ओरडतच होता, फक्त माणसाच्या कानापलीकडच्या पट्टीत.

ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न चिकटलेले सांधे, शोधले. व्हॉल्व्ह बदलून पाहिले. शेवटी जाणत्या लोकांचा जुना उपाय केला. चायनीजच्या पार्सलबरोबर आलेली लाकडी चॉपस्टिक घेतली आणि चालू अ‍ॅम्पमध्ये एकेक तार ढकलून बघायला लागलो. दुसरा हात खिशात. हा बाबांचा नियम. जिवंत सेटमध्ये काम करताना एक हात खिशात, म्हणजे धक्का बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. लहानपणी मला वाटायचं, बाबा ऐटीत उभे राहतात.

एक तार अर्धा इंच सरकवली आणि मीटरचा काटा खाली आला. सोडली, परत वर. पुन्हा सरकवली, खाली. मी तिथेच खुर्चीत बसलो.

झालं होतं असं की मी तारा फार टापटीप बांधल्या होत्या. इंजिनियरिंगला शिकवतात तशी सगळ्यांची एक सुरेख मोळी, दर दोन इंचांवर टाय. फोटो टाकला असता तर तीनशे लाइक नक्की. पण मोळीतल्या तारा एकमेकींना समांतर, गळ्यात गळे घालून धावतात, आणि इथे नेमकं तेच नको होतं. खऱ्या ट्रेनरेकचे आतले फोटो परत काढून बघितले. तारा आखूड, ग्रिडच्या तारा प्लेटच्या तारांपासून लांब, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. आधी पाहिले होते तेव्हा हे डोळ्यांत शिरलंच नव्हतं. नक्कल करतोय म्हणत होतो आणि फिशरने घेतलेली सगळ्यात महत्त्वाची काळजीच मी 'सुधारून' टाकली होती. सगळे टाय कापले आणि दोन रविवार लावून तारा पुन्हा ओढल्या.

मिरजेची माणसं एव्हाना गालात हसली असतील. सतारमेकर गल्लीत एकाच मापाचे दोन तंबोरे शेजारी ठेवा. भोपळा तसाच, दांडी तशीच, तारा एकाच रिळातल्या. एक बोलतो, एक मुका. कारागीर घोडी कानशीने हलकेच घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. जवारी काढतो, म्हणजे तारेला तो गुंजणारा नाद आणतो. ती जवारी कागदावर लिहून घेता येत नाही, आणि म्हणून तिथे कोणी 'माझ्या तंबोऱ्याचं माप चोरलं' असा कांगावा केलेलाही मी ऐकलेला नाही. माप घ्या की. जवारी कुठून आणाल?

तर आता मित्राच्या चोरीबद्दल.

गिटार अ‍ॅम्पचा सगळा इतिहासच एकमेकांच्या वह्या उतरवण्याचा आहे. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीची सुरुवातीची सर्किटं व्हॉल्व्ह कंपन्यांच्या पुस्तिकांमधल्या नमुन्यांच्या जवळची. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरचा बासमन समोर ठेवून नवा अ‍ॅम्प बांधला, तोच मार्शल जेटीएम ४५. सर्किट जवळजवळ तेच. फरक पडला तो मुख्यतः इंग्लंडात जे सामान सहज मिळायचं ते वापरल्याने. पहिला व्हॉल्व्ह जास्त गेनचा, ट्रान्सफॉर्मर वेगळे, आणि मागून उघड्या पेटीतल्या चार दहा इंची स्पीकरऐवजी बंद पेटीतले चार बारा इंची सेलेशन. एवढ्याने आवाज पार बदलला आणि त्यावर पुढच्या दशकाचं अर्धंअधिक रॉक उभं राहिलं. ती चोरी मानली तर चोरीच्या मालाशिवाय आपल्याकडे ऐकायला फारसं काही उरत नाही.

उलट टोकाला अलेक्झांडर डंबल. कॅलिफोर्नियाचा, २०२२ मध्ये गेला. तोही एकेक अ‍ॅम्प हाताने बांधणारा, पण सर्किट कोणी उतरवू नये म्हणून त्यावर इपॉक्सीचा थर ओतायचा. लोकांनी तोही खरवडला आणि नकाशे काढले. आज डंबलच्या धर्तीवर अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपन्या आहेत. मला डंबलचा राग येत नाही, त्याची भाकरी त्यावर होती. पण इपॉक्सी खरवडून डंबल झाला असा एकही माणूस मला माहीत नाही.

फिशर या बाबतीत मोकळा होता. अ‍ॅम्प दुरुस्तीतल्या कितीतरी युक्त्या त्याने लिहून खुल्या केल्या. स्वतःला बांधणं झेपेना तेव्हा लुइझियानातल्या कॉमेट कंपनीला नवं डिझाइन करून दिलं.

म्हणून माझी रेघ मी अशी आखलीय. सर्किट उतरवून घरी बांधणं हा रियाज आहे. गुरूची बंदिश जशीच्या तशी घोटल्याशिवाय आपलं काही सुचत नाही, तसंच हे. पण त्याच पेटीवर 'ट्रेनरेक' अशी पाटी ठोकून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाने कर्ज काढणं. मागच्या महिन्यात एकाने मला बरी किंमत देऊ केली, अट एकच, पुढची पट्टी हुबेहूब हवी. मी नाही म्हटलं. माझ्या अ‍ॅम्पची पट्टी कोरी आहे.

आणखी एक, थोडं चिडून. नकलेच्या या छंदात एक अंधश्रद्धाळू पंथ आहे. साठच्या दशकातलेच कंडेन्सर हवेत, कापडी वेष्टणाचीच तार हवी, जुने कार्बनचेच रेझिस्टन्स हवेत. मीही सुरुवातीला दोन-तीनशे डॉलर असे घालवले. ते जुने रेझिस्टन्स पहिल्या टप्प्यावर लावले तर पावसासारखे सळसळत होते. काढून साधे मेटल फिल्मचे लावले. आवाजातली जादू गेली वगैरे काही नाही, फक्त सळसळ गेली.

आवाज कसा आहे, हे सगळेच विचारतात. अ‍ॅम्पचं व्हॉल्यूम एकदा वर ठेवायचं आणि विसरायचं. बाकी सगळं गिटारच्या बटणावर. दहावर डरकाळी, चारवर स्वच्छ, मधल्या प्रत्येक आकड्याला वेगळा पोत. बोट हलकं पडलं तर तो हलकं बोलतो, आणि चूक केलीत तर तीही मोठ्याने सांगतो. माझ्यासारख्या हौशी माणसाला हे दुसरं जरा महागात पडतं. तीसेक वॉट ऐकायला किरकोळ वाटतात, पण तळघरात ते छातीवर येतात. म्हणून मध्ये एक अ‍ॅटेन्युएटर लावलाय, आवाजाची ताकद खाऊन टाकणारा. (डॉक्टर झी कंपनीचा एअर ब्रेक, त्याचंही डिझाइन फिशरचंच.)

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. अठ्ठ्याहत्तरीत ऐकू कमी येतं, पण व्हॉल्व्ह पेटलेले बघून चेहरा खुलला. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह ते एकेकाळी डब्याने आणायचे. मोबाइल आत फिरवायला लावला, सोल्डर बघितले, मग विचारलं, "याला जादूचा डोळा नाही?"

"नाही हो बाबा, स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा तो हिरवा डोळा रेडिओला, हा रेडिओ नाही ना."

"मग नाव काय ठेवलंस?" फिशरच्या नावांची गोष्ट मी त्यांना आधी सांगितली होती, ती बरोबर लक्षात होती.

म्हटलं, अजून ठेवलं नाही. नावं ठेवायची चाल त्याची, तीही उचलू का, ते ठरत नाहीये. त्यावर आईचा मागून आवाज आला, "पाच महिने झाले, बारसं राहिलंय होय रे अजून?"

तर येत्या शनिवारी दुपारी चारला, तळघरात. चोरी म्हणणाऱ्या मित्रालाही आग्रहाचं निमंत्रण, त्याची टेलिकास्टर गिटार घेऊन. घुगऱ्या आहेत. कानात घालायला कापूस आपापला आणावा.