थेट बंकरवर रोखलेली बोफोर्स

युद्धात जवानांनी लढवलेल्या युक्त्यांचे व्हिडिओ आपण कौतुकानं फॉरवर्ड करतो. खाली लिहितो, "आपले जवान कशातूनही मार्ग काढतात." खरंच काढतात. पण तो मार्ग सरावाशिवाय सापडत नाही, आणि तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र ज्यांच्या देवळालीत आहे त्या नाशिककरांनी तरी हे विसरू नये.

१९९९चं कारगिल घ्या. बोफोर्सची १५५ मिमी तोफ एरवी डोंगराआडून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करते. द्रास भागात गनर्सनी, म्हणजे तोफ चालवणाऱ्या जवानांनी, ती समोर दिसणाऱ्या बंकरवर थेट रोखली. म्हणजे तेही शत्रूच्या नजरेत आले. त्या उंचीवर हवा विरळ, गोळा लांब जातो, मैदानातले हिशेब तसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यात आपलंच पायदळ त्याच कड्यावर चढत असतं. तिथे अंदाजपंचे कारभार चालत नाही. हिशेब ज्याच्या अंगात मुरलाय, त्यालाच तो ऐन वेळी बदलता येतो.

मिग-२१ ही लढाऊ विमानं आपल्या ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, वर्षानुवर्षं बांधली गेली. कारगिलमध्ये त्यांच्या वैमानिकांनी हातात धरायचं जीपीएस आणि स्टॉपवॉच वापरून बॉम्बफेक केली. मला याचा अभिमान वाटतो आणि तितकाच रागही येतो. विमानातच चांगली यंत्रणा का नव्हती? टाळ्या वाजवून हा प्रश्न गिळणं म्हणजे त्या वैमानिकांशी बेइमानी आहे.

आणि युक्ती सुचून भागत नाही, वरिष्ठानं पाठीशी उभं राहावं लागतं. १९४८च्या काश्मीर युद्धात जनरल थिमय्या उभे राहिले. सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर जवानांनी, झोजिला खिंडीकडची खेचरांची वाट रुंद केली, कुणाला सुगावा लागू नये म्हणून टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) उतरवून स्टुअर्ट रणगाडे पुढे नेले, आणि १ नोव्हेंबरला ते अकरा हजार फुटांवरच्या खिंडीत घुसले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल हे शत्रूच्या ध्यानीमनी नव्हतं.

ही मोठी उदाहरणं नोंदली गेली. एखाद्या हवालदारानं बर्फात तोफेचा पाया कसा रोवला, थंडीत गोठलेला भाग कसा सुरू केला, हे कुठे लिहिलंय? देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोडला कितीतरी निवृत्त गनर राहतात. तुमच्या घरात, शेजारी कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा. गोपनीय असेल ते सोडा, बाकी त्यांच्याच शब्दांत मराठीत लिहून घ्या. टायपिंगला मदत लागली तर मला मेसेज करा, मी येईन.