सगळे पैसे आणायची घाई नको

परदेशातून कायमचं परतण्याआधी तिथली सगळी बचत भारतात आणून टाका, असा सल्ला अनिवासी भारतीयांना एका लेखात दिला होता; तो सरसकट पटला नाही. अनिवासी असताना तिथे कमावलेला पैसा, शेअर तिथेच ठेवायला फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याची मुभा आहे. अमेरिकेतलं ४०१(के) हे निवृत्तीसाठीचं बचत खातं वयाच्या साडेएकोणसाठच्या आधी मोडलं, तर करावर आणखी १० टक्के दंड, मग कशाला मोडायचं?

खरी गोची एनआरई खात्याची, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्याची. कायमचं परतल्यावर ते तसंच चालू ठेवता येत नाही. साध्या निवासी खात्यात किंवा आरएफसीत (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं खातं) बदलावं लागतं, आणि करमुक्त व्याजही तिथेच संपतं. बरेच जण बँकेला कळवतच नाहीत! त्यापेक्षा आरएफसी बरं. पैसा डॉलरमध्येच राहतो, पुन्हा बाहेर नेता येतो, आणि आरएनओआर, म्हणजे परतलेल्यांना करासाठी काही काळ मिळणारा ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’ हा दर्जा असेपर्यंत (बहुतेकांना दोन-तीन वर्षं) व्याजावर कर नाही. एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव) परतल्यावरही मुदतीपर्यंत ठरलेल्या दरानेच चालते.

आरएनओआर दर्जा संपला की मात्र परदेशी खाती प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवायलाच हवीत, नाहीतर १० लाखांचा दंड होऊ शकतो. आणि हो, तिकडचा मोबाइल नंबर चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात.